चिठ्ठीतला प्रश्न आणि कपाटातले औषध

जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने १ डिसेंबरला एका महाविद्यालयात झालेल्या परिसंवादाला श्रोता म्हणून बसण्याचा योग आला. व्यासपीठावर दोन वक्ते होते. पहिल्यांचे म्हणणे असे, की एचआयव्हीवर गोळ्या निघाल्यापासून तरुणांच्या मनातला धाक गेला आहे आणि तो पुन्हा बसवल्याखेरीज समाज ताळ्यावर येणार नाही. दुसऱ्यांनी आकडे मांडले आणि एखाद्या संबंधातून लागण होण्याची शक्यता इतकी नगण्य आहे, की त्यापायी झोप उडवून घेणे हा निव्वळ अडाणीपणा होय, असे हसत हसत सांगितले. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. शेवटी श्रोत्यांकडून चिठ्ठ्या मागवल्या गेल्या. वहीच्या पानाचा फाडलेला, चार घड्या घातलेला एक तुकडा सूत्रसंचालकांनी उलगडला आणि वाचला : 'संबंध येऊन दोन दिवस झाले. आता काय करावे?' मागच्या बाकांवरून हशा पिकला. सूत्रसंचालक क्षणभर अडखळले, 'हा वैयक्तिक प्रश्न आहे' असे म्हणून त्यांनी तो कागद पाण्याच्या ग्लासाखाली सरकवला आणि पुढची चिठ्ठी हाती घेतली.

दोन दिवस म्हणजे ४८ तास. ज्याने किंवा जिने ती चिठ्ठी लिहिली, त्या व्यक्तीच्या हाती आणखी २४ तास होते. त्या २४ तासांत करता येण्याजोगे बरेच काही होते आणि ते व्यासपीठावरच्या दोघांनाही ठाऊक असणार. तरी एकजणही बोलला नाही. उत्तर माहीत असलेला मीही जागचा उठलो नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे. दीड तास चाललेल्या त्या वादात प्रत्यक्ष भ्यालेला माणूस कुठेच नव्हता. एका पक्षाला त्याची भीती उपयोगाची वाटत होती, तर दुसऱ्याला हास्यास्पद. माझे म्हणणे या दोघांहून वेगळे आहे. संबंधानंतर धास्तावलेल्या माणसाला, तो संबंध कोणाशी आणि का आला याचा निवाडा न करता, पहिल्या ७२ तासांत जोखमीचा नेमका अंदाज सांगितला गेला पाहिजे आणि गरज असेल तर औषध दिले गेले पाहिजे. भीतीला प्रतिबंधाचे साधन मानणे जितके चुकीचे आहे, तितकेच तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणेही चुकीचे आहे.

हे ७२ तास आले कुठून? विषाणू शरीरात शिरला म्हणजे त्याच क्षणी माणूस कायमचा बाधित झाला असे होत नाही. शिरकावाच्या जागेवरून लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचून तिथे पाय रोवायला त्याला थोडा अवधी लागतो. त्या अवधीत विषाणूची वाढ रोखणारी औषधे रक्तात असली, तर लागण मुळातच टळू शकते. यालाच वैद्यकीय भाषेत पेप म्हणतात. औषध जितक्या लवकर सुरू होईल तितके चांगले, ७२ तासांनंतर त्याचा भरवसा उरत नाही, आणि एकदा सुरू केले की ते २८ दिवस रोज घ्यावे लागते. सुई टोचलेल्या आरोग्यकर्मचाऱ्यांविषयीचा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्या काळच्या झिडोव्ह्युडिन या एकट्या औषधानेही लागणीचा धोका सुमारे ८१ टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. आज आपल्याकडे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर या तिन्ही औषधांची मिळून एकच गोळी असते, आणि जुन्या औषधांच्या मानाने तिचा त्रासही पुष्कळच कमी होतो.

आधी दुसऱ्या वक्त्यांचा मुद्दा घेऊ, कारण त्यांचे आकडे खरे होते. बाधित आणि उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी निरोधाविना योनीमार्गे एकदा संबंध आला, तर पुरुषाला लागण होण्याची सरासरी शक्यता १०,००० मध्ये ४ आणि स्त्रीला १०,००० मध्ये ८ इतकी मानली जाते. शिवाय आपल्या देशात प्रौढांमधील बाधितांचे प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे समोरची व्यक्ती बाधित असण्याची शक्यताही सहसा कमीच. ज्यांच्या रक्तातील विषाणू उपचारांमुळे मोजणीतही सापडेनासा झाला आहे, त्यांच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. युरोपात शेकडो जोडप्यांवर झालेल्या आणि २०१६ व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत अशी एकही लागण आढळली नाही. चुंबनाने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही, हे तर शाळकरी मुलांनाही सांगितलेले असते. तेव्हा घाबरून आलेल्या बहुतेकांना औषधाची गरज नसते, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु 'बहुतेकांना' म्हणजे 'कोणालाच' नव्हे. सरासरी हा आकडा हजारोंच्या गर्दीचा असतो, त्यातल्या एकट्याने तो स्वतःला लावून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. जोडीदाराला नुकतीच लागण झाली असेल, तर त्याच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण प्रचंड असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्याची चाचणी निर्दोष येऊ शकते. जननेंद्रियावर दुसऱ्या एखाद्या गुप्तरोगाची जखम असली की धोका काही पटींनी वाढतो. गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या व्यक्तीसाठी तर तो सरासरीनेच १०,००० मध्ये १३८ आहे. 'काही होत नाही हो' असे सर्वांना सरसकट सांगणारा माणूस या सगळ्यांना एका ओळीत उभे करतो. जोखीम कमी आहे की जास्त, हे ठरवायला चार-पाच प्रश्न विचारावे लागतात आणि त्यांची खरी उत्तरे यावी लागतात. खरी उत्तरे कोण देईल? ज्याला हसले जाणार नाही याची खात्री आहे, तोच. म्हणून मला तो हशा पहिल्या वक्त्यांच्या धाकापेक्षा फार निराळा वाटला नाही. दोन्हींनी माणूस गप्पच बसतो.

आता पहिल्या वक्त्यांकडे वळू. त्यांची बाजू टाकाऊ नाही आणि तिच्यातील बळ नाकारून वाद जिंकण्यात अर्थ नाही. पहिले म्हणजे, भीतीने काहीच साधले नाही असे म्हणता येत नाही. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ज्यांनी कामाठीपुऱ्यात, सांगलीत, महामार्गांवरच्या ढाब्यांवर काम केले, त्यांना ठाऊक आहे की उपचार आवाक्यात नव्हते तेव्हा मरणाच्या भीतीनेही लोक निरोधाकडे वळले होते. दुसरे, लागण होऊ नये म्हणून संबंधाआधीपासूनच प्रतिबंधक गोळ्या नियमित घेणाऱ्या काही गटांमध्ये परदेशात निरोधाचा वापर घटल्याचे आणि सिफिलिस, गोनोरिया यांसारखे रोग वाढल्याचे दिसले आहे. तिसरे, पेप हे काही खडीसाखर नव्हे. सुरू करताना मूत्रपिंडाचे कार्य पाहावे लागते, कावीळ-बीची तपासणी करावी लागते, आणि मधेच सोडल्यास उपयोग होत नाही. चौथा आक्षेप पैशांचा : सार्वजनिक पैसा मर्यादित आहे, तो ज्यांनी स्वतः होऊन जोखीम पत्करली त्यांच्यावर का खर्चावा?

या चौथ्या आक्षेपापासूनच सुरुवात करतो, कारण उरलेल्या सर्वांचे मूळ त्यात आहे. कुत्रा चावलेला माणूस सरकारी दवाखान्यात जातो, तेव्हा केसपेपर काढणारी व्यक्ती काय विचारते? कधी चावला, कुठे चावला, जखम धुतली का. 'तुम्ही त्याची खोडी काढली होती का?' असे कोणी विचारत नाही. शेपूट ओढणाऱ्यालाही लस मिळते आणि निमूटपणे रस्त्याच्या कडेने चालणाऱ्यालाही. रेबीजची ती लसही संसर्गाचा संशय आल्यानंतरच, घड्याळाकडे पाहून द्यायची असते. दारू पिऊन गाडी घसरलेल्याच्या डोक्याला टाके घालण्याआधी त्याच्याकडून सदाचाराचे हमीपत्र लिहून घेतले जात नाही. मग याच एका बाबतीत औषध आणि चारित्र्य यांची गाठ का मारली जाते?

ती गाठ किती घट्ट आहे, हे रुग्णालयाच्या आतच पाहायला मिळते. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पेपचे औषध रुग्णालयात अहोरात्र उपलब्ध असणे अपेक्षित आहे, कारण रात्री तीन वाजताही एखाद्या परिचारिकेला सुई टोचू शकते. तिचा तो हक्क आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानेही तो मानला आहे. बाधित रक्ताने माखलेली सुई टोचल्यास लागणीची शक्यता १०,००० मध्ये सुमारे २३ असते. म्हणजे वर सांगितलेल्या १३८ च्या साधारण सहावा हिस्सा. विषाणू तोच, औषध तेच, ७२ तासही तेच. परिचारिकेला ते तातडीने मिळते आणि मिळालेच पाहिजे. पण तिच्याहून सहा पट जोखीम घेऊन एखादा तरुण त्याच अपघात विभागाच्या दारात उभा राहिला, तर?

माझ्या परिचयातील एका मुलावर हा प्रसंग आला होता, आणि कोणाचीही ओळख उघड होणार नाही अशा बेताने तो सांगतो. घटना शनिवारी रात्री अकराची. रविवारी तो दिवसभर खोलीत बसून होता आणि मोबाइलवर लक्षणे वाचत होता. (लक्षणे वाचण्याइतका निरर्थक उद्योग दुसरा नाही, सुरुवातीचा ताप, घसादुखी, पुरळ हे साध्या फ्लूसारखेच असतात आणि तेही दोन ते चार आठवड्यांनी येतात, दुसऱ्या दिवशी नव्हे.) सोमवारी कसलीशी सुट्टी होती, चाचणी केंद्राला कुलूप. औषधांच्या दुकानात गेला, तर दुकानदाराने 'डॉक्टरांची चिठ्ठी आणा' म्हटले, आणि ते त्याचे बरोबरच होते. रात्री धीर करून एका रुग्णालयाच्या अपघात विभागात गेला, तेव्हा खिडकीतून पहिला प्रश्न आला : 'तुम्ही इथले स्टाफ आहात का?' 'नाही' म्हटल्यावर 'मग उद्या ओपीडीला या.' मंगळवारी ओपीडीच्या रांगेत, मागेपुढे दहा माणसे असताना, त्याला आजाराचे नाव विचारण्यात आले. त्याने 'सर्दी' सांगितले आणि सर्दीच्या गोळ्या घेऊन तो घरी आला. रात्री अकरा वाजता ७२ तास संपले. त्या सबंध काळात ते औषध त्याच्यापासून एका भिंतीपलीकडे, कपाटात होते. पुढे तीन महिन्यांनी त्याची चाचणी निर्दोष आली. पण ती आली म्हणून या व्यवस्थेला निर्दोष कसे म्हणायचे?

'औषध उपलब्ध केले की स्वैराचार वाढेल' हा युक्तिवाद महाराष्ट्राने यापूर्वी शब्दशः ऐकलेला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा हेच म्हटले गेले : गर्भाची भीती गेली की व्यभिचार माजेल. त्यांना प्राध्यापकी गमवावी लागली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले, ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत. त्या मासिकात वाचक आपल्या शरीराविषयीचे, संबंधांविषयीचे प्रश्न लिहून पाठवीत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तरे देत. १९३४ साली वाचकांच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. खटला हरला, दंड झाला. त्या वेळी उत्तर देणाऱ्याला दंड होत असे, एवढाच काय तो फरक. आज उत्तर देण्याला कायद्याची आडकाठी नाही, तरी चिठ्ठी ग्लासाखाली जाते. संततिनियमनाची साधने पुढे सरकारनेच गावोगावी वाटली. भिंतीभिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला गेला. त्यापायी मराठी कुटुंबव्यवस्था बुडाली, असे आज कोणी गंभीरपणे म्हणतो काय?

याहून जवळचा दाखला पहिल्या महायुद्धातला आहे. न्यूझीलंडची एट्टी राउट ही स्त्री सैनिकांना गुप्तरोगांपासून बचावासाठी निरोध, मलम आणि जंतुनाशक असलेले पुडके देत असे. त्यातले मलम आणि जंतुनाशक संबंधानंतर लगेच वापरायचे, म्हणजे एका अर्थी ते त्या काळचे पेपच होते. लष्कराने १९१७ च्या अखेरीस ती योजना उचलली, कारण आजारी पडलेले सैनिक खंदकात उपयोगाचे नव्हते. मायदेशी मात्र तिचे नाव छापणाऱ्या वृत्तपत्राला १०० पौंड दंडाची धमकी देण्यात आली. पुडके चालले, ते देणारीचे नाव चालले नाही. आपल्याकडे गोळी चालते, ती मागणारा चालत नाही.

राहिला धाकाचा प्रश्न. धाक निर्माण केल्यावर तो कोणावर बसतो? जो जोखीम घेतो त्याच्यावर, असे गृहीत धरले जाते. अनुभव असा आहे, की जो तपासणीला येतो त्याच्यावर तो अधिक बसतो. गोव्यात १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या तरुणाला रक्तदानानंतर एचआयव्ही असल्याचे आढळले. रक्त द्यायला स्वतःहून गेलेला माणूस, त्याला पोलिसांनी नेले आणि म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग आरोग्यधामात ६४ दिवस एकटे डांबून ठेवले. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने विलगीकरणाची ती तरतूद वैध ठरवली. डिसोझा पुढे बाधितांसाठी संघटना उभारून १९९२ मध्ये गेला. त्या ६४ दिवसांनी गोव्यातले किती जण संयमी झाले, हे सांगता येणार नाही. पण रक्त तपासून घ्यायला किती जण धजावले असतील, याचा अंदाज बांधायला फार बुद्धी लागत नाही. ज्याला आपली स्थिती ठाऊक नाही तो उपचार घेत नाही, आणि जो उपचार घेत नाही त्याच्याकडूनच विषाणू पुढे जातो. म्हणजे धाकाने नेमका तोच माणूस तयार होतो, ज्याचा धाक आपल्याला वाटायला हवा. २०१७ च्या कायद्याने संमतीविना चाचणी आणि गोपनीयतेचा भंग यांना बंदी घातली, ती हाच धडा उशिरा शिकून.

स्वैराचाराच्या आक्षेपातली निरोधाची गोष्ट मी विसरलेलो नाही. रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत तो अनुभव खरा आहे. पण प्रसंगानंतर २८ दिवस घ्यायच्या औषधाची गोष्ट निराळी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत पेप घेतलेल्यांची पाहणी झाली, तिच्यात औषधासोबत समुपदेशन मिळालेल्या बहुतेकांचे धोकादायक वर्तन वाढलेले आढळले नाही. आणि साध्या व्यवहारानेही हे पटण्याजोगे आहे. संबंधानंतर भेदरून आलेला माणूस आयुष्यात प्रथमच एखाद्या समुपदेशकासमोर बसतो, निरोध नीट कसा वापरावा हे ऐकून घ्यायला तयार असतो. अशा माणसाला दारातून परत पाठवणे म्हणजे शिकवण्याची नामी संधी वाया घालवणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच पेपच्या बाबतीत कामावरची आणि कामाबाहेरची जोखीम असा भेद पुसला, आणि २०२४ मध्ये हे औषध रुग्णालयांच्या बाहेर, वस्तीपातळीवरही मिळावे अशी शिफारस केली.

एका बाबतीत मात्र माझा पक्ष थोडा दुबळा आहे. धास्तावलेल्यांमध्ये असा एक वर्ग असतो, ज्याला जोखीम जवळजवळ नव्हतीच, आणि तरीही त्याची धास्ती हटत नाही. मसाज करून घेतला, चुंबन घेतले, निरोध वापरला आणि तो फाटलाही नाही. तरी हा माणूस सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, वर्षानेही पुन्हा रक्त देतो आणि प्रत्येक निर्दोष अहवालानंतर प्रयोगशाळेवरच संशय घेतो. त्याला औषध देणे चूक, आणखी एक चाचणी सुचवणेही चूक. त्याचा प्रश्न विषाणूचा नसतो. पत्नीशी केलेली प्रतारणा, घरच्यांपासून लपवलेले आकर्षण, लहानपणी कानावर पडलेले 'पापाचे फळ' हे सारे तो एका रक्ताच्या थेंबात शोधत असतो, आणि तो थेंब निर्दोष निघाला की शिक्षा लांबणीवर पडली असे त्याला वाटते. पण ही अवस्था त्याच्यात रुजवली कोणी? एचआयव्ही म्हणजे दुराचाराचा दंड, हे ज्यांनी तीस वर्षे भिंतींवर कवट्या रंगवून शिकवले, त्यांनीच ना? चांगला समुपदेशक अशा माणसाला 'आता तपासण्या पुरे' असे ठामपणे सांगतो आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. तो ठामपणा ऐकला जातो, कारण त्याआधी त्याचे म्हणणे कोणीतरी न हसता ऐकून घेतलेले असते.

त्या चिठ्ठीचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे, ते उशिराने का होईना इथे देतो. ती लिहिणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, पुढच्याला होईल. दोन दिवस झाले असतील, तर आजच, उद्यावर न ढकलता, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा एचआयव्हीवर उपचार देणाऱ्या एआरटी केंद्रात जा. तिथे अडवले गेल्यास संसर्गजन्य रोगांच्या खासगी डॉक्टरांकडे जा, ते चिठ्ठी लिहून देऊ शकतात. रांगेत आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही, 'डॉक्टरांशी एकट्याने बोलायचे आहे' एवढे पुरे. आत गेल्यावर संबंध कोणत्या प्रकारचा होता, निरोध होता का, किती तास झाले, हे खरे सांगा. लाज ठेवायचीच तर बाकी तपशिलांची ठेवा. स्त्री असाल तर गर्भनिरोधाच्या तातडीच्या गोळीचेही विचारा, तिलाही वेळेची मर्यादा आहे. औषध सुरू झाले तर २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्या. रक्त आज तपासा, मग सहा आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी. तोवर निरोध वापरा आणि रक्तदान करू नका. तिसऱ्या महिन्याचा अहवाल निर्दोष आला की तो कागद फाडून टाकला तरी चालेल. मध्यरात्री कोणाशी बोलावेसे वाटले, तर १०९७ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे नाव विचारत नाहीत.